पाचवं घर

आमच्या मास्तरांकडे दोन टोप्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. सकाळी साडेसहाला ठेकेदाराच्या गेटावरच्या हजेरीच्या खोलीत ते काळी टोपी घालून बसत, तेव्हा ते बाबूजी. संध्याकाळी भिलाईजवळच्या मरोदा गावाच्या बाजूला एका टिनाच्या शेडमध्ये पांढरी टोपी घालून फळ्यापुढं उभे राहत, तेव्हा ते मास्तर. पोटासाठी दोन कामं करणारी माणसं पुष्कळ असतात, त्यात नवल काही नाही. नवल असं, की काळ्या टोपीखालच्या माणसाची पांढऱ्या टोपीखालच्या माणसाशी ओळखच नसे. वर्गात कुणी चुकून "बाबूजी, उद्या माह्या हजेरीचं पाहून घ्या जी" असं म्हणालं, तर मास्तर खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं इकडंतिकडं बघत. "कोण बाबूजी? इथं त कोणी बाबू नाई बाप्पा." आणि एकदा सकाळी गेटावर मी "मास्तर, ते काल शिकवलेलं..." अशी सुरुवात केली, तर काळ्या टोपीनं मान वर न करता सांगितलं, "बिल्ला टाक अन् चाल. मांगं लाइन हाये."

हा बिल्ला पितळेचा असे, रुपयाहून थोडा मोठा, वर ज्याचा त्याचा नंबर ठोकलेला. सकाळी आत शिरताना तो गेटावरच्या लाकडी पेटीच्या फटीतून आत टाकायचा. मग बाबूजी पेटी उघडत, नंबर वाचत आणि हजेरी मांडत. ज्याचा बिल्ला पेटीत तो कामावर, बाकी सगळे घरी. इतका साधा कायदा. या कायद्यावर बाबूजींची अशी श्रद्धा होती, की एकदा गोदामाचा चौकीदार त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून चहा पीत असताना त्यांनी त्याला गैरहजर लावलं. चौकीदार म्हणाला, "बाबूजी, मैं तो यहीं बैठा हूँ।" बाबूजी म्हणाले, "आप हो. बिल्ला नहीं है."

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडं पाहावं तिकडं लाल मुरमाचे ढीग, पायाचे खड्डे आणि रशियातून आलेली, घराएवढाली लाकडी खोकी. मी आणि शालिक ठेकेदाराच्या गोदामात ही खोकी मोजायला होतो. खोक्यांवरची अक्षरं आमच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती. शालिकनं त्यांना नावं ठेवली होती: कंगवा, बेडूक, उलटी खुर्ची. "दोन कंगवे अन् एक बेडूक, शेड नंबर चार," असा त्याचा हिशोब चाले, आणि तो कधी चुकला नाही.

मी भंडाऱ्याकडून मॅट्रिक होऊन आलो होतो. बाहेरून बी. ए. ला बसायचं डोक्यात होतं, आणि त्यात अर्थशास्त्र घेतलं होतं, कारण मास्तर ते फुकट शिकवत. त्यांनी स्वतः नागपूरला अर्थशास्त्रात एम. ए. अर्ध्यावर सोडलं होतं. का सोडलं, याच्या दहा कहाण्या होत्या. अकरावी कहाणी त्यांची स्वतःची. "पुरं केलं असतं त 'शिकलो' मनावं लागलं असतं. आता मनता येते का शिकून राहिलो."

हे 'राहिलो' त्यांच्या फार जिवाचं. माझं लग्न नुकतंच झालं होतं, बायको गावाहून आली होती, आणि बारा घरांत मिळून एक नळ होता. मास्तर सायकलीवरून जाताना नळाशी थांबले आणि तिला म्हणाले, "बाई, पाणी किती हाये?"

"दोन गुंड," भरलेल्या दोन भांड्यांकडं बोट करून ती म्हणाली.

"अन् येऊन किती राहिलं?"

"करंगळीवानी धार हाये पाहा."

मास्तर इतके खूश झाले की सायकल तिथंच आडवी पडली. संध्याकाळी फळ्यावर त्यांनी दोनच शब्द लिहिले. डावीकडं 'आहे', उजवीकडं 'येऊन राहिलं'. म्हणाले, "पुण्याकडचे लोक आपल्याले हासते, का हे लोक 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' मनते मनून. हासू द्या. निम्मं अर्थशास्त्र त्याच्यातच हाये. गुंडातलं पाणी म्हंजे संपत्ती. धार म्हंजे उत्पन्न. देशाजवळ काय आहे ते मले नोका सांगू, देशात काय होऊन राहिलं ते सांगा. आज भिलाईत आहे काय? काईच नाई, मुरूम हाये. पण होऊन काय राहिलं ते पाहा!" आणि खिडकीतून त्यांनी हात असा बाहेर केला, की जणू बाहेरच्या त्या सगळ्या क्रेन त्यांनीच उभ्या करवल्या होत्या. मी पुढं अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली, पण साठा आणि प्रवाह यांतला फरक मला आजही त्या नळावरच आठवतो.

माझ्या बायकोशी त्यांचं चांगलं जमे, कारण ती त्यांना घाबरत नसे. एकदा आमच्याकडं चहा पिताना त्यांनी तिला समजावलं, की एका घरानं काटकसर केली तर ते घर सुधारतं, पण सगळ्या घरांनी एकाच महिन्यात काटकसर केली तर दुकानदार बसतो, दुकानदार बसला की शिंपी बसतो, शिंपी बसला की गवंड्याला काम नाही, आणि शेवटी सगळ्यांचीच कमाई आटते. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं गणित बरोबर असन मास्तर, पण माह्या डब्यातले पैसे मी काई काहाडत नाई." मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "हेच त! एकेक बाई शहाणी, अन् सगळ्या मिळून बाजार बसवते! कावून? कारण तुमच्या डब्यावर तुमचं राज्य हाये, बाजारावर कोणाचंच नाई." ती आत जाताना मला म्हणाली, "मास्तरले कोणी पोरगी देल्ली नाई ते बरंच झालं."

'कावून' हा त्यांचा दुसरा लाडका शब्द. कुठलंही उत्तर बरोबर आलं की ते विचारत, "कावून?" त्याचं कारण सांगितलं की पुन्हा "कावून?" तिसऱ्या कावूनला भलेभले गारद होत. चहाच्या टपरीवाल्याला त्यांनी महिनाभर रोज विचारलं, की मी काल दिलेल्या आण्याचं तू काय केलंस, आणि ज्याला दिलास त्यानं काय केलं. आणा किती हात फिरतो ते त्यांना पाहायचं होतं. टपरीवाल्याला वाटलं हा सरकारी माणूस आहे. त्यानं त्यांच्याकडून पैसे घेणंच बंद केलं, आणि प्रयोग तिथंच आटोपला.

पण त्यांचं खरं प्रेम वेगळ्याच विषयावर होतं. नागपूरला रद्दीत त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. पुठ्ठा नव्हता आणि शेवटची तीस पानं फाटलेली होती. दोन माणसं एकमेकांचा अंदाज घेऊन आपापली चाल ठरवतात, ते कसं ठरवतात, असा त्याचा विषय. परीक्षेला त्यातलं काही येत नसे. मास्तर त्याला डावशास्त्र म्हणत, आणि आठवड्यातला एक तास त्याला देत. "तो काय करन ते पाहून मी करीन. पण मी काय करीन ते पाहूनच तो करून राहिला. आता सांगा, सुरुवात कोणापासून करावं?"

हे शास्त्र ते जगत, हीच अडचण होती. एका रविवारी मोठ्या क्रेननं भट्टीचं लोखंडी कडं वर चढवणार होते. ते पाहायला आम्ही सगळे जाऊन मुरमाच्या बांधावर बसलो. पुढचा एक जण नीट दिसावं म्हणून उभा राहिला. मग त्याच्या मागचा उभा राहिला. पाच मिनिटांत अख्खा बांध उभा होता, आणि बसून जेवढं दिसत होतं तेवढंच दिसत होतं, फक्त पाय दुखत होते. मास्तर एकटे बसून राहिले. परतताना मी विचारलं, "मास्तर, तुम्हाले काय दिसलं?" म्हणाले, "पाठी. चाळीसेक पाठी दिसल्या. पण सगळे कावून उभे झाले ते मले दिसलं, ते तुमच्यातल्या एकालेबी दिसलं नाई."

नाल्यावर एक अरुंद फळी होती, एका वेळी एकच सायकल जाईल अशी. समोरून कुणी आलं तर कोण थांबणार, यावर रोज तंटे. मास्तरांनी पुस्तकातून तोड काढली. ते लांबूनच दोन्ही डोळे गच्च मिटत आणि पॅडल मारत फळीवर चढत. याला दिसतच नाही म्हटल्यावर हा थांबणार नाही, हे समोरच्याला कळे आणि तो थांबे. "जो आपला परतीचा रस्ता आपणच बंद करते, त्याच्यापुढं दुसऱ्यालेच वाकावं लागते," असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. हे पंधरा दिवस उत्तम चाललं. सोळाव्या दिवशी समोरून म्हैस आली. आम्ही त्यांना नाल्यातून वर काढलं तेव्हा चिखलानं माखलेल्या तोंडानं ते म्हणाले, "तिले माहीत नवतं का मी डोळे मिटले हायेत. चूक माही हाये."

दोन कैद्यांचं कोडं त्यांनी शिकवलं ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. दोघांना एका गुन्ह्यात धरलं आहे, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं आहे. दोघंही गप्प राहिले तर थोडक्यात सुटतील. एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं तर तो मोकळा, दुसरा पुरता बुडाला. दोघांनी एकमेकांची नावं घेतली तर दोघंही बुडाले, पण पुरते नाही. मास्तरांनी फळ्यावर चार घरं आखली आणि प्रत्येक घरात आकडे भरले. "पाहा. तो गप राहो का बोलो, मले बोलणंच फायद्याचं. त्यालेबी तसंच. मनून दोघंबी बोलते अन् दोघंबी बुडते. शहाणे हायेत, मनून बुडते."

शालिकनं हात वर केला. तो परीक्षेला बसणार नव्हता, पण वर्ग चुकवत नसे. "मास्तर, ते दोघं एका डब्यात जेवणारे असन त?"

"डब्याचा कॉलम नाई याच्यात."

"पण असन त?"

"मंग ते त्या फाटलेल्या तीस पानांत असन," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

शालिकनं हे उगाच विचारलं नव्हतं. त्याचं गाव आणि माझं गाव नदीच्या दोन काठांवर. तो कुणब्याचा. आम्ही बाबासाहेबांच्या मागून बुद्धाकडं गेलेले. लहानपणी मी त्यांच्या विहिरीवर गेलो असतो, तर दगड बसले असते. गोदामातल्या पहिल्या दिवशी दुपारी मी माझा डबा घेऊन खोक्यामागं जाऊन बसलो. शालिक मागून आला, माझ्या डब्यातली भाकर न विचारता उचलली, आणि "तिखट कावून कमी टाकलं बे?" म्हणाला. त्यावर आमच्यात पुढं कधीच बोलणं झालं नाही. त्याची गरजही पडली नाही.

मग ती यादी निघाली. ठेकेदाराचं काम संपत आलं होतं. त्याच्या माणसांतल्या काहींना कारखान्यात पक्की नोकरी मिळणार, बाकीच्यांना हिशोब करून घरी. ठेकेदाराचा मॅनेजर शनिवारी नावं पाठवणार होता. ज्याच्या नावावर एकही डाग नाही, त्याचंच नाव जाणार. माझं नाव होतं, शालिकचं होतं. मास्तरांचंही होतं, हजेरीच्या कामासाठी, सगळ्यांत वर. त्यांचं वय पंचेचाळीसच्या पुढं. याआधी त्यांना कधीच पक्की नोकरी नव्हती, आणि यापुढं कुणी दिली नसती. त्या आठवड्यात काळ्या टोपीलासुद्धा मी एकदा गुणगुणताना ऐकलं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दुर्गला माझा अर्थशास्त्राचा पेपर होता. रजा मागितली असती तर यादीच्या तोंडावर डाग लागायची भीती. शालिक म्हणाला, "तुहा बिल्ला माह्याजवळ दे. दोघांची खोकी मी मोजतो." त्यानं सकाळी दोन्ही बिल्ले पेटीत टाकले. मी दुर्गला जाऊन पेपर लिहिला आणि सायकल मारत परत आलो.

आणि मग मी तो मूर्खपणा केला, जो आमच्याच वर्गातला माणूस करू शकत होता. पेपर फार सुंदर गेला होता. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी वर्गात जाऊन मी प्रश्नपत्रिका मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पांढऱ्या टोपीखाली बाबूजी नसतात, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की मला क्षणभरही वाटलं नाही की मी काय करतोय. वर्ग भरला. मास्तर एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते आणि पोरासारखे हरखत होते. "हा त आपण केला होता! हाबी! लेका, हाबी! किती वाजता होता पेपर?"

"सकाळी सात ते दहा, मास्तर," मी म्हणालो.

ते थांबले. सकाळी साडेसहाला माझा बिल्ला त्यांनीच पेटीतून काढला होता आणि त्यांच्याच हातानं मला हजर लावलं होतं. वर्गात आम्ही आठ जण होतो. आठही जणांनी ते ऐकलं, आठही जणांनी मास्तरांना थांबताना पाहिलं. मास्तरांनी प्रश्नपत्रिकेची व्यवस्थित घडी घातली. "मले एकट्यालेच समजलं असतं त गोष्ट वेगळी होती," ते हळू म्हणाले. "आता सगळ्यांले माहीत झालं. अन् सगळ्यांले माहीत झालं, हेबी सगळ्यांले माहीत झालं. जा घरी. आज तास नाई."

आमच्या वर्गातलं कुणी चहाडखोर नव्हतं. पण आठ माणसांच्या पोटात गोष्ट राहत नाही. कुणी तरी बायकोला सांगितलं असेल, कुणी टपरीवर. गुरुवारी मॅनेजर साहेबांपर्यंत ती पोचली, आणि शुक्रवारी सकाळी मला आणि शालिकला बोलावणं आलं. निघताना बायको म्हणाली, "काईबी होवो, शालिकभाऊचं नाव घेऊ नोका." मी म्हणालो, "माहीत हाये मले." खरं सांगतो, मला माहीत नव्हतं.

शालिकला आधी आत नेलं. मग मागच्या दारानं बाहेर काढून दुसऱ्या खोलीत बसवलं आणि मला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर जाब द्यायचा होता. बाजूला काळी टोपी घालून बाबूजी जबानी लिहायला बसले होते. साहेब म्हणाला, "देखो, तुम्हारा साथी सब बोल चुका है। तुम भी सच बोल दो। बिल्ला उसने डाला था, इतना ही लिखवाना है। तुम्हारा नाम लिस्ट में रहेगा।"

हे सगळं मी फळ्यावर पाहिलेलं होतं. चार घरं, त्यातले आकडे, सगळं. मी बाबूजींकडं पाहिलं. ते टाकाचं टोक पाहत होते. शालिक बोलला असेल का? बोलला असेल तर मी गप्प राहून काय मिळवणार? नसेल बोलला तर? घरी बायकोला दिवस गेले होते. पक्की नोकरी म्हणजे क्वार्टर, दवाखाना, जन्माचं अन्न. एक क्षण माझं तोंड उघडलं होतं आणि त्यात 'शा' होता. लपवून काय करू? होता. मग मला खोक्यामागचा तो डबा आठवला आणि तोंडातून भलतंच निघालं. "साहब, बिल्ला मैंने खुद डाला था। डालके तार के नीचे से निकल गया। शालिक को कुछ पता नहीं।"

साहेब माझ्याकडं पाहतच राहिला. मग त्यानं शालिकला पुन्हा आत बोलावलं आणि बाबूजींना त्याची जबानी वाचायला सांगितली. बाबूजींनी सपाट आवाजात वाचली. शालिकनं लिहवलं होतं की त्यानंच माझा बिल्ला माझ्या खिशातून चोरला आणि स्वतःच्या मनानं पेटीत टाकला, मला काहीही माहीत नाही.

दोघांपैकी कुणीच दुसऱ्यावर ढकललं नव्हतं, आणि कुणी गप्पही राहिलं नव्हतं. दोघांनी सगळं स्वतःच्याच अंगावर घेतलं होतं. मास्तरांच्या चार घरांत हे घर नव्हतंच. वाचून झाल्यावर बाबूजींच्या टाकातून कागदावर शाईचा थेंब पडला. त्यांच्या कागदावर डाग पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"दोनों झूठे," साहेब चिडून म्हणाला. "दोनों का नाम काटो।" त्यानं लाल पेन्सिल उचलली.

"एक कागद और है साब," बाबूजी म्हणाले. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तो त्यांनी त्या दिवशी लिहिलेला नव्हता. त्यावर आदल्या दिवशीची तारीख होती आणि खाली त्यांची सही. साहेबानं तो मोठ्यानं वाचला. कागद हिंदीत होता, मराठीत त्याचा अर्थ असा: मंगळवारी अमुक नंबरचा बिल्ला पेटीत नव्हता. सदर कामगार परीक्षेस गेल्याचे मला ठाऊक होते. त्याची हजेरी मी माझ्या मर्जीने लावली. कामगारास अथवा त्याच्या साथीदारास याची कल्पना नाही.

या कागदातलं एकही वाक्य खरं नव्हतं. ज्या माणसानं समोर बसलेल्या चौकीदाराला बिल्ल्याशिवाय हजर लावलं नाही, त्यानं हे लिहिलं होतं.

"ये सच है?" साहेबानं आम्हाला विचारलं.

मी बोलणार होतो. शालिकही. पण बाबूजींनी डोक्यावरची काळी टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, आणि साहेबाला कळू नये अशा आपल्या गावच्या बोलीत भराभरा म्हणाले, "सही झाली, कागद त्याच्या हातात गेला. आता मी काई सुटत नाई. तुमी खरं बोलले त तिघंबी जातीन. गप राहिले त एकच जाते. करा हिशोब."

आम्ही हिशोब केला. त्यांनीच शिकवलेला. आधी शालिकनं मान हलवली, मग मी म्हणालो, "हाँ साहब, सच है।" लाल पेन्सिल यादीतल्या सगळ्यांत वरच्या नावावरून फिरली. ती रेघ ओढताना झालेला आवाज मला ऐकू आला. एकमेकांसाठी आम्ही दोघं शूर निघालो होतो, आणि त्यांच्यासाठी भित्रे. हे मी कितीदा घोळवलं, पण दुसरं काही म्हणता येत नाही.

आम्ही दोघं पक्के झालो. मास्तरांना ठेकेदारानं हजेरीवरून काढलं आणि अहिवाऱ्याच्या बाजूला चुनखडीच्या खाणीवर दगडाच्या गाड्या मोजायला पाठवलं, रोजीवर. ते कधी गेले ते त्यांनी कळवलं नाही. शेडमध्ये फळा तसाच होता. त्यावर आम्ही कुणी काही लिहिलं नाही आणि पुसलंही नाही. पुढं शेडच पाडली.

चारेक महिन्यांनी निकाल लागला. मी पास झालो होतो. रविवारी मी आणि शालिक सायकली काढून खाणीवर गेलो. जाताना आम्ही रस्ताभर ठरवत होतो की पाया पडून माफी मागायची, आणि कुणी आधी बोलायचं. खाणीवर सगळं पांढरं होतं, झाडांची पानंसुद्धा. एका करंजाच्या झाडाखाली दहाबारा खाणकामगार बसले होते, बाया आणि बाप्ये दोन्ही, आणि मास्तर एका खोक्याच्या फळीवर खडूनं घरं आखत होते. आम्हाला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि शिकवणं चालू ठेवलं. छत्तीसगढी ते मोडकीतोडकी बोलत, पण लोक मन लावून ऐकत होते. दोन कैदी होते, ते सांगत होते. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. शहाणे असते तर दोघं बुडाले असते. पण ते दोघं येडे निघाले. दोघांनी आपापल्यावरच घेतलं. मग त्यांनी चार घरांच्या खाली पाचवं घर आखलं आणि म्हणाले, की तिथं एक तिसरा माणूस होता, जबानी लिहिणारा. त्यानं एक कागद लिहिला आणि ते दोघं सुटले.

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या मजूर बाईनं विचारलं, "फेर ओ तीसर मनखे के का होइस, गुरुजी?" म्हणजे, मग त्या तिसऱ्या माणसाचं काय झालं?

"ओखर बने चलत हे," मास्तर म्हणाले. त्याचं बरं चाललंय.

मी उभाच होतो. आम्ही रस्ताभर जे ठरवलं होतं त्यातलं काही मला आठवलं नाही. मी म्हणालो, "वो तीसरा आदमी यही है। और वो दो हम हैं। उस दिन साहब ने पूछा, ये सच है क्या, तो हमने हाँ बोल दिया। इनका कोई कसूर नहीं था। सब झूठ था।"

माझा आवाज फार मोठा निघाला होता. मास्तरांनी झटकन फळीकडं तोंड केलं. म्हाताऱ्या बाईनं एकदा त्यांच्या पाठीकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, मग ती थोडी सरकली आणि शेजारची जमीन हातानं झाडून म्हणाली, "बइठव गा." आम्ही दोघं तिच्याशेजारी त्या पांढऱ्या भुकटीत बसलो.

मास्तरांच्या हातात खडू तसाच होता. शेवटी त्यांनी विचारलं, "अर्थशास्त्रात किती पडले?"

मी मार्क सांगितले.

"कमी हायेत," ते म्हणाले. पण तोंड काही केल्या आमच्याकडं वळवेनात.